पंखाएवढं अंतर

मावशीने दादरच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. मी विमानतळांच्या आराखड्यांचं काम करतो, आणि त्या कामापायी वर्षातले निम्मे सोमवार माझे विमानात जातात. मावशी पहिल्यांदाच अमेरिकेत येत होती, माझ्याकडे, रॅलेला. पार्ल्याहून निघून, वाटेत एकदा विमान बदलून ती अटलांटाला उतरणार होती. शेवटचा टप्पा तरी तिने एकटीने करू नये म्हणून मी माझं परतीचं तिकीट त्याच विमानाचं काढलं. ई कॉन्कोर्सला, म्हणजे गेटांच्या ‘ई’ इमारतीत, तपासणीच्या रांगेतून बाहेर पडताना ती दिसली. गुडघा धरलेला, पण व्हीलचेअर तिने नाकारली होती. दोन विमानांमध्ये तीन तास होते. त्या तीन तासांत आम्ही जे बोललो, ते आठवेल तसं लिहून ठेवलं आहे.

मावशी : अरे, हा विमानतळ आहे की तालुका? कागद तपासले, बॅगा घेतल्या, पुन्हा दिल्या, पुन्हा तपासणी झाली, आणि आता तू म्हणतोस गाडीत बसायचं. बॅगा मधेच हातात कशाला दिल्या त्यांनी?

मी : परदेशातून येणाऱ्याने अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स उरकायचं, असा इथला नियम आहे. कस्टम्ससाठी सामान आपल्या हातात लागतं. म्हणून पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, दाखवायच्या आणि लगेच पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. मुलांकडे येणारे आपले बहुतेक आईवडील इथेच गोंधळतात. त्यांना वाटतं, बॅग थेट घरापर्यंत जाणार.

मावशी : मला बाजूच्या बाईने सांगितलं म्हणून कळलं. बरं, आपलं विमान कुठे?

मी : ए कॉन्कोर्सला. आपण ई मध्ये आहोत. मध्ये डी, सी आणि बी. जिना उतरलं की खाली गाडी आहे.

मावशी : गाडी लागावी इतकं लांब बांधायचंच कशाला? मुंबईत आमच्या शाळेला जागा नव्हती तर वर मजले चढवले. यांनाही चढवता आले असते.

मी : माणसं वर चढवता येतात, विमानं नाही चढवता येत. मावशी, हिशेब तूच कर. आपण ज्यात बसणार आहोत तसल्या विमानाच्या पंखांची रुंदी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ३६ मीटरच्या जरा आत. शेजारच्या विमानाच्या पंखापासून निदान साडेचार मीटर मोकळे ठेवायचे. एका बाजूला १५ विमानं उभी करायची आहेत.

मावशी : साडेचाळीस गुणिले पंधरा. सहाशे सात पूर्णांक पाच. म्हणजे सहाशे मीटरची भिंत.

मी : आणि तू मुंबईहून निघालीस ते मोठं विमान असेल तर पंख ६५ मीटरपर्यंत, आणि मधली जागा साडेसात मीटर. तीच १५ विमानं मग किलोमीटरभर पसरतात. आतल्या माणसाला दार लागतं मीटरभर रुंदीचं, पण त्या दारामागे उभ्या विमानाला भिंत लागते सत्तर मीटरची. विमानतळावर आपण चालतो ते अंतर माणसाच्या मापाचं नाहीच, पंखाच्या मापाचं आहे. बोइंगने ७७७एक्स म्हणून नवं विमान केलंय. त्याचे पंख जवळजवळ ७२ मीटर, पण जमिनीवर टोकं वर दुमडतात. कशासाठी? आहे त्या गेटांच्या मापात मावावं म्हणून.

मावशी : मग एकच भिंत लांबवत नेण्यापेक्षा तिचे तुकडे कर, आणि समांतर ठेव. दोन्ही बाजूंना विमानं लागतील. जागा अर्धी.

(मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्या कामाचं पहिलं वर्ष हेच समजून घेण्यात गेलं होतं.)

मी : तू आत्ता जे बोललीस तोच अटलांटाचा आराखडा. २१ सप्टेंबर १९८० ला हे टर्मिनल उघडलं. मधोमध समांतर इमारती आणि त्यांच्या दोन्ही अंगांना धावपट्ट्या, आता एकूण पाच. ई नंतर झालं, १९९४ मध्ये. एफ तर २०१२ मध्ये. पण आकृती बदलावी लागली नाही, पुढे एकेक रेघ ओढली. दोन इमारतींत अंतर साधारण ३०० मीटर, कारण दोन्हीकडची विमानं नाकं आत करून उभी राहणार आणि त्यांच्या शेपट्यांमागून आणखी विमानं ये-जा करणार.

मावशी : म्हणजे इमारतींच्या मधून विमानं चालणार. मग माणसांना वरून जाता येणार नाही.

मी : म्हणून बोगदा. आणि हा बोगदा मागाहून सुचलेला नाही. गाडी पहिल्या दिवसापासून होती.

एव्हाना आम्ही सरकत्या जिन्यावर होतो. जिना खूप लांब आहे, आणि मावशीने कठडा घट्ट धरला होता. खाली फलाट होता, पण रूळ दिसत नव्हते. काचेची भिंत, तिच्यात बंद दारं. दोन मिनिटांच्या आत पलीकडे गाडी येऊन थांबली आणि काचेची आणि गाडीची दारं एकदमच उघडली.

मावशी : मोटरमन कुठे बसतो?

मी : नसतो. खाली रबराची चाकं आहेत, काँक्रीटवर धावतात. मधे एक तुळई असते, तिला धरून गाडी वळते. वीज पट्टीतून. सगळं नियंत्रण संगणकाचं.

मावशी : आणि भीती नाही वाटत लोकांना?

मी : लिफ्टमध्ये वाटते का तुला? लिफ्टमध्येही पूर्वी लिफ्टमन होता. ही आडवी लिफ्ट समज. मी गंमत नाही करत, डेट्रॉइटच्या विमानतळावर इमारतीच्या आतूनच, लोकांच्या डोक्यावरून एक लाल गाडी जाते. ती केबलने ओढली जाते आणि बसवली आहे ओटिसने. लिफ्टवाल्याच ओटिसने. झुरिकचीही तशीच केबलवर. तिथे बोगद्यातून जाताना गाडीत गाईच्या हंबरण्याचा आवाज ऐकू येतो.

मावशी : खरंच? स्वित्झर्लंडमध्ये शोभेल ते.

मी : मला फार आवडतं ते. रात्रभर प्रवास केलेला माणूस तिथे हमखास हसतो. असो. बिनड्रायव्हरची गाडी विमानतळावर पहिल्यांदा आली टँपाला, फ्लोरिडात, १९७१ मध्ये. वेस्टिंगहाउस कंपनीने तशी गाडी पिट्सबर्गजवळ १९६५ पासून चालवून पाहिली होती. शहरासाठी केलेली, पण शहराने घेतली नाही, विमानतळाने घेतली. टँपाच्या लोकांनी आधी एक आकडा ठरवला : प्रवाशाने ७०० फुटांहून जास्त चालायचं नाही. मग त्या आकड्याभोवती इमारत काढली.

मावशी : आधी अट, मग आकृती. हे बरोबर आहे. आम्ही मुलांना हेच सांगायचो.

मी : आमच्या धंद्यात मात्र बऱ्याचदा आकृती आधी येते.

गाडीत बसायला जागा नावालाच. सगळे उभे, दांड्या धरून. मावशीने दोन पाय फाकवून, लोकलमध्ये उभी राहते तशी जागा पक्की केली. घोषणा झाली. प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द जोडलेला असतो : ब्राव्होचा बी, चार्लीचा सी.

मावशी : डीला काय म्हणाले? डेव्हिड?

मी : बरोबर ऐकलंस. वैमानिकांच्या वर्णमालेत डीचा शब्द आहे डेल्टा. पण डेल्टा ही इथली सर्वांत मोठी विमान कंपनी. ‘डेल्टा’ ऐकलं की तिचे सगळे प्रवासी डीलाच उतरतील. म्हणून इथे फक्त डी डेव्हिडचा.

मावशी : हे कोणाला सुचलं, त्याने फार लोकांची विमानं वाचवली.

मी : सुविधा म्हणजे हेच गं. लोकांना वाटतं मऊ खुर्च्या, लाउंज. एक शब्द बदलण्यात केवढी सुविधा आहे बघ.

मावशी : पण मला सांग, ही गाडी काही फार जोरात जात नाही. इकडे सुटली की तिकडे थांबतेय. मग सगळे इतके निर्धास्त कसे? तो बघ, हातात कॉफी घेऊन उभा आहे.

मी : कारण ही चुकली तर दुसरी लगेच आहे. वेगाला इथे फारशी किंमत नाही. दोन गाड्यांमधला वेळ महत्त्वाचा. बारा वर्षांपूर्वी एका विमानतळावर, नाव नाही घेत, माझं विमान चुकलं. दोन टर्मिनलांत बस होती. बस चांगली होती, रस्ता पाच मिनिटांचा. पण दर वीस मिनिटांनी एक. मी धावत आलो आणि तिचे मागचे दिवे पाहिले. त्या वीस मिनिटांत मला काही करता येत नव्हतं, नुसतं घड्याळ बघत उभा होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं : गाडी हळू चालेल, पण तिची वाट बघावी लागता कामा नये. दर दोन मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी वाट बघणं एक मिनिट. वीस मिनिटांनी असेल तर दहा, आणि नशीब वाईट असेल तर पुरी वीस.

मावशी : मग दर मिनिटाला का सोडत नाहीत?

मी : चर्चगेटला लोकल येते तेव्हा काय होतं?

मावशी : रिकामी होते, भरते, आणि उलटी जाते. तोवर मागची बाहेर खोळंबते.

मी : तेच इथे. इथे दोन मार्ग आहेत, एक जायचा, एक यायचा. टोकाला गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते. ती उलटायला लागणारा वेळ हाच सगळ्या बोगद्याचा वेळ ठरवतो. गाड्या कितीही घ्या, टोकाशी रांग लागणार. म्हणून अटलांटाने टोकाचा बोगदाच पुढे खणायला घेतला, गाडीला फलाट सोडून पलीकडे जाऊन वळता यावं म्हणून. कशासाठी, तर दोन गाड्यांमधला वेळ १०८ सेकंदांवरून ९० वर आणायचा.

मावशी : अठरा सेकंदांसाठी डोंगर खणला?

मी : अठरा सेकंद प्रत्येक गाडीमागे. तासाला किती गाड्या होतात?

मावशी : एकशेआठने तेहतीस आणि वर थोड्या. नव्वदने चाळीस. (थांबून) सहा-सात गाड्या वाढल्या की. तेवढे डबे भरून माणसं.

मी : या गाडीत दिवसाला दोन लाखांहून जास्त माणसं बसतात. आणि एकाने दार अडवून धरलं की त्याच्यामागच्या सगळ्या गाड्या थांबतात. म्हणून ‘दार अडवू नका’ ही घोषणा सारखी करतात.

मावशी : इतकी माणसं या एका गावात राहतात?

मी : राहत नाहीत, बदलतात. इथे उतरणाऱ्यांत कितीतरी लोकांना अटलांटाशी काही काम नसतं. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान कंपन्यांना मार्ग आणि भाडं ठरवायची मोकळीक दिली. तेव्हापासून कंपन्यांनी सगळीकडून विमानं एका ठिकाणी आणायची, माणसं अदलाबदल करायची आणि पुन्हा सोडायची, ही पद्धत फार वाढवली. दादरसारखं. इकडच्या दक्षिणेत जुनी म्हण आहे : मेल्यावर स्वर्गात जा नाहीतर नरकात, अटलांटाला विमान बदलावंच लागतं. आणि ज्यांचे आराखडे हे न धरता काढले होते, त्यांचे हाल झाले. तुला डॅलसचं सांगतो.

डॅलसचं सांगताना मी जरा जास्तच रंगात येतो, हे मला ठाऊक आहे. त्या विमानतळावर मी फार तास घालवले आहेत.

मी : डॅलस-फोर्टवर्थचा विमानतळ १९७४ मध्ये सुरू झाला. अर्धवर्तुळाकार टर्मिनलं. कल्पना अशी, की माणूस मोटारीने येईल, गेटसमोरच गाडी लावेल, शंभर पावलांत विमानात. टेक्सासच्या माणसाला यापेक्षा सुखाचं काय? घरून येणाऱ्यासाठी ते उत्तमच होतं. पण १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तिथेच आपलं मोठं केंद्र केलं. आता प्रवासी मोटारीतून येईना, दुसऱ्या विमानातून यायला लागला. त्याला एका अर्धवर्तुळाच्या टोकावरून दुसऱ्या अर्धवर्तुळाच्या टोकाला जायचं.

मावशी : कंसावरून चालणं. जीवेवरून जाता येत नाही.

मी : अगदी. गाडी होती, पण ती एकाच दिशेने फिरायची. पुढच्या टर्मिनलला जायचं तर छान. मागच्या टर्मिनलला जायचं तर सगळा फेरा घालून.

मावशी : घड्याळात बाराहून अकरावर यायला अकरा तास.

मी : एकतीस वर्षं हे चाललं. २००५ मध्ये नवी गाडी आली, स्कायलिंक. उंचावरून जाते, तपासणीच्या आतून, आणि दोन्ही दिशांनी. कुठूनही कुठेही जास्तीत जास्त नऊ मिनिटं. इमारती त्याच आहेत, कंस तेच आहेत. नुसती उलटी दिशा उघडली आणि रोज उडणाऱ्यांचं आयुष्य बदललं. मी त्या गाडीत बसलो की अजून मनातून आभार मानतो.

मावशी : आणि ही बंद पडली तर?

मी : (हा प्रश्न मी नवशिक्या सहकाऱ्यांकडून ऐकायची वाट बघत असतो.) इथे बंद पडली तर चालता येतं. या दोन बोगद्यांच्या मधोमध पायवाट आहे, सरकते पट्टेही आहेत. डेन्व्हरला तसं नाही. १९९५ मध्ये तो विमानतळ सुरू झाला, तिथे ए कॉन्कोर्सला पूल आहे, पण बी आणि सीला गाडीशिवाय जायला प्रवाशाला वाट नाही. गाडी अडली की बसगाड्या आणायच्या. क्वालालंपूरची गाडी तर मार्च २०२३ मध्ये थांबली ती जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली सव्वादोन-अडीच वर्षं बसनेच. माझं म्हणणं ठाम आहे : जिथे गाडी, तिथे शेजारी पायवाट हवीच. खर्च वाढला तरी चालेल. मी प्रत्येक बैठकीत हे बोलतो, आणि प्रत्येक बैठकीत कोणीतरी खर्चाचा कागद पुढे करतं.

मावशी : तू बोलत राहा.

सी गेलं. मी तिला खुणेने दाराकडे सरकायला सांगितलं.

मावशी : आपल्याला ए ना? हे तर बी येतंय.

मी : बीला उतरू. एकाच कॉन्कोर्सचं अंतर असेल तर मी सहसा चालतो. गाडीची वाट, तिचं थांबणं, सगळं धरलं तर फरक दोनतीन मिनिटांचा. आणि इथे चालण्यासारखं काहीतरी आहे. गुडघा साथ देईल ना?

मावशी : तीनशे मीटर ना? देईल. न दिला तर पट्ट्यावर उभी राहीन.

मी : नुसतं उभं राहिलीस तर चालण्यापेक्षा उशिरा पोचशील, तो पट्टा आपल्या पावलापेक्षा हळू असतो. पण आपल्याला घाई नाही. घाई असते ती कनेक्शन लहान असलं की. तिकीट विकताना प्रत्येक विमानतळासाठी कमीत कमी वेळ ठरलेला असतो, त्याहून कमी वेळाचं कनेक्शन एका तिकिटावर देत नाहीत. पण तो वेळ म्हणजे सगळं सुरळीत झालं तर पुरणारा वेळ. त्यात तुझा गुडघा धरलेला नसतो. आईवडिलांची तिकिटं काढणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पहिल्या अमेरिकन विमानतळावर तीन तास ठेवा. स्वस्त तिकीट दीड तासाचं मिळत असेल, तरी ठेवा.

मावशी : म्हणून तू तीन तास ठेवलेस. मला वाटलं, तुला गप्पा मारायच्या होत्या.

मी : त्याही.

चालता चालता तिने मुंबईचं काढलं. पार्ल्यात राहणाऱ्या माणसाला डोक्यावरून विमानं जाण्याची सवय असते, पण सांताक्रूझच्या टर्मिनलवरून सहारच्या टर्मिनलला जायचं म्हणजे रिक्षा किंवा बस, हे तिला कायम खटकायचं.

मावशी : आता मेट्रो झाली ना खालून? तिची दोन स्टेशनं आहेत, टी १ आणि टी २. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम जाऊन आले.

मी : झाली, आणि चांगलीच झाली. पण ती तपासणीच्या बाहेरची. आत्ता आपण बसलो ती आतली. आतल्या गाडीत बसताना तुझी बॅग कोणी पुन्हा तपासत नाही, रांग नाही, तिकीट नाही. मेट्रोने गेलीस तर दुसऱ्या टर्मिनलला सगळं पहिल्यापासून. बाहेरून जोडणं आणि आतून जोडणं यांत कधीकधी तासाचा फरक पडतो. नवी मुंबईच्या आराखड्यात चारही टर्मिनलं जोडणारी बिनड्रायव्हरची गाडी आहे. आत्ता टर्मिनल एकच झालंय, म्हणून कोणाला तिची आठवण येत नाही. दुसरं होईल तेव्हा येईल. ती आधी व्हावी, असं मला फार वाटतं. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाने उलटं करून पाहिलं आहे. २०१० मध्ये गाडी आली, पण सी कॉन्कोर्सचं स्टेशन बांधलं ते पुढे कधी होणाऱ्या नव्या इमारतीच्या जागेखाली. जुनी इमारत अजून वापरात आहे. गाडीतून उतरून लोक बोगद्यातून तिच्यापर्यंत चालत जातात.

मावशी उत्तर द्यायच्या बेतात होती, पण थांबली. बी आणि ए यांच्या मधल्या बोगद्यात छताला रानाचं छत केलेलं आहे. हिरवी पानं, त्यातून झिरपणारा उजेड, आणि पाखरांचे आवाज. तीन क्षणांत माणूस विसरतो की डोक्यावरून विमानं जात आहेत. चाकांच्या बॅगा ओढत जाणारे लोकही तिथे पाय हळू करतात. मावशीने मान वर केली आणि पट्टा सोडून बाजूने चालायला लागली. ओठ हलत होते. मला वाटलं, काही म्हणतेय. ती पावलं मोजत होती.

मावशी : पाचशे बारा. माझं पाऊल पावणेदोन फुटांहून जरा मोठं. आलं तीनशे मीटरच्या आसपास. खोटं नाही सांगितलंस.

मी : गुडघा?

मावशी : आहे. गेट कितवं म्हणालास?

मी : ए २४.

मावशी : आणि या कॉन्कोर्सला गेटं किती?

मी : चौतीसपर्यंत. गाडीचा जिना मधोमध निघतो.

मावशी : म्हणजे सतरा-अठराच्या जवळ. सम आकडे एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला असतील, तर चोवीस म्हणजे फक्त तीनचार गेटं. साडेचाळीस गुणिले तीन... (बॅगेचा दांडा तिने माझ्या हातातून घेतला.) एवढं तर मी एकटीही गेले असते. चल.